कोंडाईचा चढ

आजच्या आज्यांच्या आज्यासुद्धा रांगत नव्हत्या, तेव्हाची ही गोष्ट. टेकवड्याला तेव्हा कुणी टेकवडं म्हणत नव्हतं, कारण इथं गावच नव्हतं. माळ होता, दोन डोंगर होते आणि त्यांच्यामधून जाणारी नदी होती. नदीचं नाव मात्र तेव्हाही घोरणीच होतं. ते का, हे ऐकता ऐकता कळेल.

पूर्वेकडच्या मुलखात एकामागून एक दुष्काळ पडले. विहिरींना तळ दिसला आणि एक अख्खं गाव उठलं. गाडगी-मडकी, शेळ्या-मेंढ्या, म्हातारी माणसं, सगळं घेऊन लोक मावळतीकडं चालू लागले. पाणी मावळतीच्या डोंगरातून येतं, हे गुरांनाही ठाऊक असतं. गावाचा कारभारी वाटेतच तापानं गेला, आणि त्याची बायको कोंडाई सगळ्यांच्या पुढं झाली. तिच्या डोक्यावर एक खापर होतं, आणि खापरात राखेखाली जुन्या गावचा विस्तव होता.

त्या लोकांची रीतच होती तशी. गाव उठलं, की कारभाऱ्याच्या चुलीतला विस्तव बरोबर घ्यायचा. तो जिथं खाली उतरवून पहिली चूल पेटवायची, तिथं गाव बसलं. मग त्यावर हुज्जत घालायची नाही, घालायची तर विस्तव उतरायच्या आधी. कोंडाईशी लोकांनी आधीही हुज्जत घातली आणि नंतरही घातली, ती गोष्ट वेगळी.

कोंडाई हाडापेरानं थोराड होती, आणि तिची जीभ त्याहून थोराड. असं म्हणतात, ती रागावली की गावातली कुत्री ओसरीखाली शिरत. पण वाटेत कुणाचं पोर दमलं तर ते तिच्याच कडेवर दिसे, आणि कुणाला ताप आला तर उशाशी तीच बसे. शिव्या घालत बसे, पण बसे.

वैशाखात ही माणसं घोरणीच्या वळणावर येऊन पोचली. काय जागा होती ती! नदीनं तिथं मोठा वळसा घेतला होता, आणि वळशाच्या पोटात काळी, लोण्यासारखी माती पसरली होती. नदीकाठी सादड्याची उंच झाडं होती, त्यांची गार सावली होती. दुष्काळात कोसकोस पाणी वाहिलेल्या बायकांनी डोक्यावरची ओझी टाकली आणि त्या सरळ पाण्यात जाऊन बसल्या. कोंडाईची नवी सून राही घोट्याएवढ्या पाण्यात उभी राहून खळखळून हसली. लग्न होऊन आल्यापासून पोरीला हसताना कोंडाईनं पहिल्यांदा पाहिलं. पण कोंडाईची नजर नदीवर ठरली नाही, झाडाच्या बेचक्यात गेली.

"कोंडाई, ठेव आता इस्तू खाली," हैबती म्हणाला. हैबती म्हणजे गावातला सगळ्यात तगडा नांगऱ्या, त्याच्या शब्दाला मान होता. "किती येळ डोक्यावर घिऊन उभी ऱ्हाशील? डोकं भाजंल."

"भाजू दे. माझंच हाय," कोंडाई म्हणाली. तिनं झाडाच्या बेचक्याकडं बोट केलं. हैबतीचा हात पोचणार नाही इतक्या उंचावर वाळक्या गवताचा आणि काटक्यांचा पुंजका अडकला होता. "त्ये काय हाय?"

"पाखराचं घरटं असंल."

"हितनं तिथवर सगळ्या झाडांवर, एकाच उंचीला? पाखरं काय दोरी धरून घरटी बांधत्यात व्हय?"

लोक हसले, पण उठले कुणी नाहीत. कोंडाईनं विस्तव सुनेच्या डोक्यावर दिला आणि ती एकटी फिरायला निघाली. दोन दिवस ती त्या मुलखात फिरत होती. तिनं पाहिलं, की वळणात एकही वारूळ नाही, आणि चढ थोडा चढून गेलं की वारुळांमागं वारुळं. मुंग्यांना कुठं घर बांधावं हे कुणी शिकवत नाही. तिनं पाहिलं, की मेंढरं वळणात उतरून चरतात, पण रवंथ करायला वर माळावर येऊन बसतात. मग ती नदीच्या कडेनं खाली गेली. पुढं दोन डोंगर एकमेकांच्या इतके जवळ आले होते, की नदीला अंग चोरून जावं लागत होतं. त्या अरुंद जागेत पाणी खडकांवर आपटून सारखा घर्र-घर्र आवाज करत होतं. नदीचं नरडंच ते, आणि घोरणी तिथं घोरत होती.

कोंडाई परत आली. लोकांपुढं तिनं अरुंद तोंडाची घागर ठेवली आणि कळशीतलं पाणी तिच्यात भसकन ओतलं. थोडं आत गेलं, बाकीचं तोंडाशी तुंबून चहूकडं सांडलं.

"ह्ये नदीचं नरडं," ती म्हणाली. "आन् जिथं सांडलं, तिथं तुम्ही बसलाय."

मग ती विस्तव घेऊन चढ चढायला लागली. मागं न बघता चढली. माळावर, जिथं पांढरट मुरूम होता आणि कुसळाशिवाय काही उगवत नव्हतं, तिथं तिनं खापर उतरवलं आणि चूल पेटवली. "काळी पोटाला, पांढरी पाठीला," ती म्हणाली. "पेरायचं खाली, निजायचं वर." झालं, गाव बसलं. टेकाडावर बसलं, म्हणून त्याचं नाव टेकवडं.

गाव बसलं, पण बायकांचं कंबरडं मोडलं. माळावर विहीर खणायला घेतली, तर पहारीतून ठिणग्या उडाल्या, पाणी काही लागलं नाही. खाली काळाशार खडकच होता. मग राहिला तो चढ. सकाळी रिकामी घागर घेऊन उतरायचं, भरलेली घेऊन चढायचं, आणि संध्याकाळी तेच. बायका चढता चढता कोंडाईच्या नावानं खडे फोडायच्या. एक म्हणायची, "मढं बशिवलं तिच्या टेकाडाचं!" दुसरी म्हणायची, "नदी दारात सोडून देवाच्या दारात न्हेऊन बशिवलं मेलीनं." शिव्यांच्या तालावर पाय पडायचे, आणि चढ संपायचा. त्या वाटेला कुणी नाव ठेवलं नाही, शिव्या देता देताच ते पडलं. कोंडाईचा चढ.

कोंडाईला हे सगळं ऐकू यायचं. ऐकू यावं म्हणूनच तर बायका मोठ्यानं बोलायच्या. ती उलट बोलत नसे. ज्या घरात म्हातारं माणूस असेल किंवा बाई आजारी असेल, त्या घरचं पाणी ती स्वतः भरायची. असं म्हणतात, तिच्या घागरीतलं पाणी दहा घरी ओतलं तरी सरायचं नाही. मला विचाराल तर ती दहा खेपा घालत असेल आणि कुणी मोजत नसेल. पण गाव म्हणतं ते मी सांगतो.

एक पावसाळा गेला. नदी काठ सोडून हात-दोन हात वर आली आणि परत गेली. दुसरा गेला, तिसरा गेला. नदी अगदी शहाण्या सुनेसारखी वागली. लोक आपापसांत म्हणायला लागले, की म्हातारीनं उगीच घाबरवलं.

आणि मग ते झालं, जे सांगताना आजही इथल्या बायका आवाज खाली आणतात. राहीला दिवस गेले होते. सातवा महिना होता. कोंडाई म्हणाली होती, की तुझं पाणी मी आणीन, तू उतरू नकोस. पण त्या दिवशी कोंडाई दुसऱ्या एका घरचं पाणी भरत होती आणि घरात थेंब नव्हता. राही घागर घेऊन गेली. चढाच्या मध्यावर तिचा पाय निसटला. घागर फुटली, आणि पोटातलं मूलही गेलं.

राही तीन आठवडे अंथरुणात होती. कोंडाई तिच्या उशाशी बसून होती, आणि या वेळी शिव्या घालत नव्हती. एके दिवशी राहीनं भिंतीकडं तोंड करूनच सांगितलं, "आत्याबाई, तुमच्या नदीनं अजून कुणाला न्हेलं न्हाई. तुमच्या चढानं न्हेलं."

कोंडाई उठून बाहेर गेली, नदीकाठी उतरली आणि तिथला एक भला थोरला धोंडा तिनं अंगाच्या जोरावर ढकलत चढावर आणला. जिथं राही पडली होती, तिथं तिनं तो बसवला, म्हणजे डोक्यावरची घागर टेकवून बाईला घटकाभर उभं राहता येईल. असं म्हणतात, तो ढकलताना ती मोठमोठ्यानं रडत होती, आणि तिच्या रडण्यानं वाट ओली झाली म्हणून धोंडा घसरत वर आला. पुढं कुणीतरी तो हलवायला चार बैलजोड्या लावल्या, पण तो तसूभर सरकला नाही.

पण धोंड्यानं राहीच्या मनाची जखम काही भरली नाही. तिनं नवऱ्याला सांगितलं, "मी आता वर ऱ्हात न्हाई." सुभाना आईकडं बघत राहिला. आईनं अडवलं नाही, तेव्हा तो बायकोच्या मागं खाली गेला. हैबती वाटच बघत होता. त्यानं वळणात पहिली मेढ रोवली. मग एकेक घर उतरत गेलं, आणि वर्षभरात माळावर कोंडाई, चार म्हातारी माणसं आणि तो विस्तव एवढंच उरलं. खाली घरं उठली, दारात भाजी झाली, बायकांच्या कमरा सरळ झाल्या. खरं सांगायचं तर सुख होतं, आणि त्या सुखाला नावं ठेवायचं कारण नव्हतं.

कोंडाई रोज पाण्याला उतरायची. राहीच्या दारावरूनच वाट होती. राही तोंड फिरवायची. पावसाळा आला की कोंडाई दर दारी सांगायची, "नदीचं घोरणं ऐकत जावा. ती घोरतीया तवर झोपलीया." लोक मान डोलवायचे आणि ती गेली की हसायचे. दोनदा तिनं उगीच हाकाटी केली होती, दोनदा लोक पोरंबाळं घेऊन अर्ध्या चढापर्यंत गेले होते, आणि दोन्ही वेळा काही झालं नव्हतं. तिसऱ्यांदा कोण उठतो?

राहीला पुन्हा दिवस गेले, आणि श्रावणात मुलगी झाली. बाराव्या दिवशी बारसं. सारं गाव राहीच्या अंगणात लोटलं. पाळणा फुलांनी सजला, घुगऱ्या शिजल्या, बायका गाणी म्हणायला लागल्या. आभाळ निळंभोर होतं. आठ दिवस पावसाचा थेंब नव्हता, अंगणात ऊन पडलं होतं. गुरं नेहमीसारखी माळावर जाऊन बसली होती.

कोंडाईला बोलावणं नव्हतं. आजी होती ती, पण बोलावणं नव्हतं. ती चढाच्या मध्यावर आपल्या धोंड्यावर बसून खालची गाणी ऐकत होती. नात कशी दिसते, नाक कुणावर गेलं आहे, काय नाव ठेवतात, एवढं कळलं तरी पुरे असं तिला वाटत होतं. गाणं थांबलं, की मागं नदीचं घर्र-घर्र ऐकू यायचं. पुन्हा गाणं सुरू व्हायचं. एकदा गाणं थांबलं आणि मागं काहीच ऐकू आलं नाही.

कोंडाई उभी राहिली. कान देऊन ऐकलं. घोरणी घोरत नव्हती.

इथं ऊन होतं, पण मावळतीच्या डोंगरांवर काय चाललं होतं ते इथून कुणाला दिसणार? तिथं पाऊस ओतत होता. आमच्याकडं म्हणतात, आभाळ आपलं असतं, नदीतलं पाणी परगावचं असतं. ते पाणी दबा धरून आलं होतं, नरड्यात काठोकाठ भरलं होतं, खडक त्याच्याखाली बुडाले होते. म्हणून आवाज बंद झाला होता.

कोंडाई धावत अंगणात आली. "उठा! नदी जागी झाली! वर चला!"

बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. हैबती घुगऱ्या चावत म्हणाला, "कोंडाई, आभाळाकडं बघ की जरा. लेकराच्या बारशाला तरी गप ऱ्हा."

राही म्हणाली, "आत्याबाई, आज तरी न्हाई. आज तरी माझ्या दारात चढाचं नाव काढू नका."

कोंडाईनं सुनेकडं पाहिलं. मग माणसांकडं पाहिलं. समजवायला वेळ नव्हता, आणि समजवून उठतील अशी माणसंही ती नव्हती. तिनं पाळण्यात हात घातला, बारा दिवसांची नात उचलली, पदरात गुंडाळली आणि पळत सुटली.

राही अशी किंचाळली, की दोन्ही डोंगरांवरून ती किंकाळी परत आली. "माझं प्वार! अगं कैदाशिणी, माझं प्वार!" ती ओली बाळंतीण, पण उठली आणि धावली. तिच्या मागं सुभाना, त्याच्या मागं हैबती, मागं सगळ्या बायका, पुरुष, पोरं, पोरांमागं कुत्री. लंगडा म्हादबासुद्धा काठी टेकत निघाला, कारण असं भांडण चुकवायचं कसं? आणि सगळं गाव तोंडानं शिव्या देत होतं. इतक्या वर्षांच्या साठवलेल्या शिव्या होत्या त्या. अवदसा, हडळ, भवानी, तुझ्या तोंडात माती पडो, तुझं टेकाड जळो! ज्यांचे पाय चढाला विसरले होते, त्यांचे पाय त्या शिव्यांनी ओढून वर नेले. ज्या चढानं राहीचं पहिलं मूल घेतलं होतं, तो तिनं एकदाही न थांबता पार केला. धोंड्यापाशीसुद्धा ती थांबली नाही.

आणि कोंडाई? असं म्हणतात, त्या दिवशी चढ तिच्या पायांखाली आडवा झाला. तरणी पोरं मागं पडली, पण म्हातारी काही हाताला लागेना. माळावर पोचल्यावर ती आपणहून थांबली. राही वाघिणीसारखी तिच्या अंगावर आली, पोर हिसकावून घेतलं आणि शिवी द्यायला तोंड उघडलं.

"दी," कोंडाई धापा टाकत म्हणाली. "पर आदी मागं बघ."

राहीनं मागं पाहिलं. सगळ्यांनी पाहिलं. पाणी वरून धावत आलं नव्हतं. ते नरड्यात तुंबून मागं फिरलं होतं आणि गप्पपणे, ऊन अंगावर घेत, वळणात पसरत होतं. पाहता पाहता अंगण गेलं, भाजी गेली, छपरं उचलली गेली आणि गोल गोल फिरायला लागली. सादड्याची झाडं बेचक्यापर्यंत बुडाली. मग फुलांनी सजलेला रिकामा पाळणा हलत हलत पाण्यावरून निघाला. राहीच्या तोंडातली शिवी तोंडातच राहिली.

पाणी चढ चढायला लागलं. असं म्हणतात, पाणी धोंड्यापर्यंत आलं, धोंड्याला टेकलं, जणू तेही दमलं होतं, आणि तिथूनच परत फिरलं. गावात माणूस तर सोडाच, शेरडूसुद्धा गेलं नाही. पाण्यात बुडाले ते सगळे विस्तव. एकच चूल पेटती होती, ती कोंडाईची. त्या संध्याकाळी साऱ्या गावानं तिच्या चुलीतून विस्तव नेला.

दुसऱ्या दिवशी राही सासूच्या पायांवर डोकं ठेवायला आली. मागं अख्खं गाव होतं, हैबतीच्या हातात नारळ होता. कोंडाईनं पाय मागं घेतले.

"पाया पडू नगंस," ती म्हणाली. "तुझं पहिलं प्वार माझ्या चढानं खाल्लं, त्ये मी इसरले न्हाई, तू बी इसरू नगंस. त्येची शिवी तू मला द्यायचीस. आन् तुम्ही समदे ऐका. त्यो नारळ परत न्या. आज मला देवी कराल, देऊळ बांधाल, आन् देवळाला नारळ फोडून पुन्यांदा खाली ऱ्हायला जाल. माणसाची जात माझ्या वळखीची हाय. त्यापरास शिव्या द्या. ज्या दिशी ह्या चढावर माझ्या नावानं शिवी ऐकू येणार न्हाई, त्या दिशी समजा, गाव खाली उतारलं."

मग ती राहीकडं वळली, आणि तिचा आवाज उतरला. "नाव काय ठिवायचं ठरलंय?"

राहीनं पोर सासूच्या मांडीवर ठेवलं आणि ती तिच्याशेजारी बसून खूप रडली. कोंडाईही रडली. नाव काय ठेवलं, ते दोघींनाच ठाऊक. गोष्टीत ते आलेलं नाही.

कोंडाई कधी गेली, कशी गेली, हेही कुणी सांगत नाही. असं म्हणतात, एके दिवशी ती घागर घेऊन उतरली आणि अजून चढते आहे. तिची समाधी नाही, देऊळ नाही, फोटो असायचं तर कारणच नाही. पण वळणात आजही एक घर दिसणार नाही. तिथं कलिंगडं लावतात, वांगी लावतात, राखणीला माचाण घालतात, पण भिंत घालत नाहीत. आता टेकवड्यात घरोघर नळ आहेत, पाणी मोटारीनं चढतं. चढावर गवत वाढायला हवं होतं, पण वाढत नाही.

कारण श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी सारं गाव खाली वळणात जमतं. त्या वर्षी जन्मलेलं सगळ्यात धाकटं मूल पाळण्यात घालतात. मग गावातली सगळ्यात वडील बाई ते उचलते आणि चढ चढायला लागते, आणि तिच्या मागं गाव निघतं, शिव्या देत. त्या दिवशी समोर सासरा आहे की पाहुणा, हे कुणी बघत नाही. पहिली शिवी मुलाच्या आईनं द्यायची असते. परगावाहून आलेली नवी सून लाजते, एवढ्या म्हाताऱ्या बाईला कसं बोलायचं म्हणून पदर तोंडात धरते. मग बाकीच्या बायका तिला म्हणतात, "दे गं, मोकळ्या गळ्यानं दे, तिला ऐकू जाऊ दे." आणि मूल पुढं चाललेलं पाहून तिचा जीव खरंच वरखाली होतो, आणि शिवी आपोआप येते.

धोंड्यापाशी कुणी थांबत नाही. फक्त ज्या बाईचं मूल पोटातच गेलं असेल, ती तिथं घटकाभर टेकते, आणि तिला कुणी चला म्हणत नाही.

माळावर पोचलं, की सगळे मागं वळतात आणि गप्प उभे राहतात. पोरंटोरंसुद्धा. कान देऊन ऐकतात. खालून, लांबून, दोन डोंगरांच्या मधून घर्र-घर्र असा आवाज येतो. नदी झोपलेली आहे. मग म्हातारी बाई मूल आईच्या ओटीत घालते, घुगऱ्या वाटल्या जातात, आणि गाव घरी जातं.